थप्पीची पुढची रांग

रोमिना नर्सने ओंडक्याच्या पोटात दोन सुया खुपसल्या आणि हातातल्या, लाकडातली ओल मोजायच्या यंत्रावरचा आकडा वाचला.

"सतरा! काका, या गावात इतकं कोरडं लाकूड मी पहिल्यांदाच बघतेय."

ओर्लिंदो कार्कामोने डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि पुन्हा घातली. कुणी कौतुक केलं की त्याला दुसरं काही सुचायचं नाही.

"दोन वर्षं झाली छपराखाली," तो म्हणाला. "न्यिरेच्या झाडाचं आहे. वाजवून दाखवू?"

आणि तिने हो म्हणायच्या आत त्याने दोन ओंडके एकमेकांवर आपटले. खणकन वाजले. ओलं लाकूड असं वाजत नाही, ते नुसतं धप्प करतं.

नर्सने कागदावर आकडा लिहिला. त्या कागदावरच्या बाकी सगळ्या ओळींपुढे बरोबरच्या खुणा झाल्या होत्या. खाट आणि लोखंडी चूल यांच्यात तीन मीटर अंतर होतं. धुराडं साफ होतं. मागच्या खोलीची खिडकी नीट लागत होती आणि प्राणवायूच्या यंत्रासाठी विजेचं वेगळं बटण बसवलेलं होतं. ते तर ओर्लिंदोने कालच, स्वतःच्या हाताने बसवलं होतं. आता फक्त लाकडाची ओळ राहिली होती. आज मंगळवार, कागद भरला की गुरुवारी नोल्फा घरी.

नोल्फा त्याची बायको. नऊ दिवस इस्पितळात होती. फुप्फुसं पार थकली होती तिची. डॉक्टर म्हणाले होते, यंत्र देतो, घरी न्या, स्वतःच्या अंथरुणात बरं वाटेल त्यांना. पण घरात धूर असता कामा नये. असेल तर मग इथेच राहू द्या, शेवटपर्यंत. शेवटपर्यंत हा शब्द डॉक्टर हळू बोलले होते, आणि ओर्लिंदोने तो ऐकलाच नाही असं दाखवलं होतं.

"आता एक आतलं द्या," रोमिना म्हणाली.

"आतलं?"

"मागच्या रांगेतलं. दोन ठिकाणी मोजायचा नियम आहे. इथले लाकूडवाले भारी बिलंदर म्हणे. बाहेरून कोरडं रचतात आणि आत खुशाल ओलं भरतात."

पोरगी चार महिन्यांपूर्वी उत्तरेकडून बदलून आलेली. आपण कुणाशी बोलतोय याचा तिला पत्ता नव्हता. चढावर बर्फ घट्ट झालं होतं म्हणून ओर्लिंदोचा ट्रक खालच्या वळणावर उभा होता. त्याच्या फळीवर पिवळ्या अक्षरांत "कोरडं सर्पण" असं लिहिलं होतं. तो दारात असता तर तिने जीभ चावली असती. एकतीस वर्षं ओर्लिंदो या कोयाइके गावात लाकूड विकत होता, आणि ट्रकमध्ये दर्शनी बाजूला कोरडं लावून पोटात ओलं भरायची विद्या त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. नेहमी नाही करायचा तो तसं. वाईट वर्ष असलं की करायचा. आता चांगलं वर्ष कोणतं होतं ते आठवायला बसलं तर मात्र अवघड होतं.

पण ही थप्पी तशी नव्हती. ही त्याच्या घरची होती. नोल्फाला धाप लागायला लागली तेव्हा, दोन हिवाळ्यांपूर्वी, त्याने रानातलं सगळ्यात चांगलं लाकूड निवडून मागच्या शेडमध्ये रचलं होतं आणि त्यातला एक ओंडकाही विकला नव्हता. गिऱ्हाइकं दुप्पट भाव द्यायला तयार होती. लोक त्याला चिकट म्हणाले, बायकोचा गुलाम म्हणाले. म्हणू देत.

त्याने पुढच्या रांगेतले दोन ओंडके बाजूला केले आणि आत हात घातला. एक ओंडका धरला, ओढला. तो हातात आला मात्र, ओर्लिंदोला कळलं. लाकूडवाल्याला यंत्र लागत नाही. लाकूड जड होतं.

ओंडका परत आत सरकवावा असं त्याला वाटलं, पण रोमिनाने यंत्र पुढे केलं होतं. सुया आत गेल्या, अगदी सहज गेल्या.

"त्रेचाळीस," ती म्हणाली. आवाज एकदम उतरला तिचा. "काका, हे तर सगळं पाणीच आहे."

"चुकून आला असेल एखादा."

त्याने दुसरा काढला. एकेचाळीस. तिसरा त्याने काढलाच नाही.

रोमिनाने पेन कागदावर टेकवलं, उचललं, परत टेकवलं. "पंचवीसच्या वर असेल तर मला नाही सही करता येत. खरंच नाही येत हो. ती बाई या धुरात दोन दिवस नाही काढणार." मग तिला त्याची दया आली असावी. "तुम्हाला कुणीतरी फसवलंय काका. कुणाकडून घेतलंत हे लाकूड?"

ओर्लिंदोने टोपी काढली. या वेळी परत घातली नाही.

"आहे एक ओळखीचा," तो म्हणाला.

"तक्रार करा त्याची. असल्या माणसांना सोडू नका. मी तीन आठवड्यांनी परत येते. तोवर कोरडं मिळवा कुठूनतरी."

तीन आठवडे! जुलैच्या मध्यावर, म्हणजे दक्षिण टोकाकडच्या इथल्या ऐन हिवाळ्यात, कोरडं सर्पण मिळवा म्हणणं म्हणजे वाळूतून तेल काढा म्हणणं. ज्यांच्याकडे होतं त्यांची शेडं जूनमध्येच झाडून रिकामी झाली होती. ती बिचारी काय जाणे. तिने कागद घडी करून पिशवीत घातला आणि बर्फावरून जपून पावलं टाकत उतारावर गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर ओर्लिंदोने थप्पी उलगडायला घेतली. पुढची रांग कोरडी, जिथली तिथे. तिच्यामागे जमिनीपासून छपरापर्यंत सगळं ओलं. आणि रचलं कसं, तर पाहत राहावं असं! मधे वारा खेळायला जागा, सालीची बाजू वर, कोपऱ्यात आडवी-उभी गुंफण. लोकांना दाखवायची थप्पी अशीच रचायची असते.

चोर कोण, हे शोधायला त्याला फार वेळ लागला नाही. त्याच्या करवतीची साखळी एका बाजूला जास्त खायची, त्यामुळे कापावर बोटभर पायरी उरायची. ती पायरी प्रत्येक ओंडक्यावर होती. म्हणजे लाकूड त्याचंच. वर नदीकाठचं हिरवं शेवाळ. नदीकाठचा माल त्याने या वर्षी एकदाच तोडला होता, एप्रिलमध्ये, आणि तो सगळाच्या सगळा एकाच घरी टाकला होता. शेजारी. येसेनियाकडे.

येसेनियाचा नवरा साल्मन माशांच्या समुद्रातल्या पिंजऱ्यांवर कामाला होता. चौदा दिवस समुद्रात, सात दिवस घरी. एप्रिलमध्ये ती आठ महिन्यांची गरोदर होती. "कोरडं आहे ना काका?" असं तिने दोनदा विचारलं होतं, आणि ओर्लिंदोने दोन्ही वेळा "बऱ्यापैकी" असं उत्तर दिलं होतं.

आता कुणी म्हणेल, मग लोक ओलं घेतातच कशाला? असं विचारणाऱ्याने एकदा मे महिन्यात इथे येऊन दाखवावं. ओल्या लाकडाची निम्मी ऊब स्वतःचंच पाणी आटवण्यात जाते, म्हणून दुप्पट जाळावं लागतं, म्हणजे शेवटी महागच पडतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण कोरडं लाकूड म्हणजे लाकूड नव्हे, ते एक वर्ष असतं. ज्याच्याकडे आदल्या नोव्हेंबरात पैसे असतात, रचायला छप्पर असतं आणि थांबायला वर्ष असतं, त्याच्या घरी ऑगस्टात कोरडं जळतं. बाकीच्यांना पगार झाला की पोत्याने घ्यायचं आणि त्याच संध्याकाळी पेटवायचं. आणि विकणाऱ्याचं काय वेगळं होतं? ओर्लिंदोने एका वर्षी पदरचं घालून तीस घनमीटर लाकूड वाळवून ठेवलं होतं. भाव थोडा चढा लावला, तर समोरच्याचं ओलं दोन दिवसांत खपलं आणि याचं कोरडं सप्टेंबरपर्यंत पडून. पुन्हा तो त्या वाटेला गेला नाही.

नोल्फा तेव्हा म्हणायची, "गवळी दुधात पाणी घालतो आणि तू लाकडात. त्याला निदान लाज तरी वाटते."

"मला पण वाटते," तो म्हणायचा. "पण पोट भरत नाही तिने."

मग रात्री ओलं लाकूड पुरवून पुरवून जाळण्यासाठी सगळं गाव धुराड्याची झडप लावून झोपायचं. वारा पडलेला असला की धूर वर जात नाही. डोंगरांच्या मधल्या या वाटीत तो झाकणासारखा बसतो. सकाळी रेडिओवरची बाई सांगायची, आज मुलांना बाहेर सोडू नका. ओर्लिंदोच्या घरच्या धुराड्यातून जवळजवळ काहीच निघायचं नाही, पण त्याच्या एकशे दहा गिऱ्हाइकांचा धूर खिडकीच्या फटीतून आत यायचा आणि नोल्फाच्या छातीत जाऊन बसायचा. तो फटीत कापडाच्या चिंध्या कोंबायचा. याबद्दल दोघं कधीच एक शब्द बोलले नव्हते. सगळं समजतंय अशा माणसांनी बोलायचं तरी काय?

बोलले ते एकदाच. मे संपत आला होता. शेजारचं बाळ नुकतंच दवाखान्यातून घरी आलं होतं आणि भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकू यायचा, कुत्र्याचं पिल्लू भुंकावं तसा.

"आपल्यातलं थोडं त्यांना देऊ या का?" नोल्फाने विचारलं होतं. माते या कडू पाल्याच्या चहाचं भांडं तिच्या हातात होतं, नळी ओठांशी.

"एकाला दिलं की उद्या अख्खी गल्ली पोती घेऊन दारात."

"गल्लीला नाही. बाळाला."

"ते तुझ्यासाठी आहे," तो म्हणाला होता. जरा जोरातच म्हणाला होता. "दोन वर्षं राखलंय मी. फक्त तुझ्यासाठी. पुन्हा विषय काढायचा नाही."

"बरं," नोल्फा म्हणाली होती, आणि भांड्यात गरम पाणी ओतून ते त्याच्या हातात दिलं होतं.

तिचं "बरं" इतकं मुकाट असलं की सावध व्हावं, हे चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला कळायला हवं होतं. नाही कळलं. आता शेडमध्ये उभा राहून त्याला एकेक आठवत होतं. जूनमध्ये एका सकाळी चुलीतलं लाकूड फुसफुसत होतं. "बर्फाचं पाणी लागलं असेल," ती म्हणाली होती, आणि तो घाईत होता. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा चुलीशेजारच्या पेटीत नेहमी कोरडं असायचं. अर्थात असणार. दर्शनी बाजू! मग येसेनिया एकदा ताटलीभर सोपाइपिया घेऊन आली होती, भोपळ्याच्या तळलेल्या पुऱ्या, गरमागरम. "काका, तुमचे उपकार कसे फेडू," असं काहीतरी म्हणाली होती. ओर्लिंदोला वाटलं होतं, भावात थोडं कमी केलं त्याचे उपकार. चार खाल्ल्या होत्या त्याने.

आणि त्या सगळ्या दिवसांत, तो रानात असताना, नोल्फा या घरात बसून त्रेचाळीसचा धूर पीत होती. त्याने तोडलेल्या, त्याने विकलेल्या लाकडाचा. जुलै लागताच ती पलंगावरून उठेना, तेव्हा डॉक्टरला त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं: आमच्या घरात कोरडंच जळतं साहेब, हवं तर येऊन मोजा.

तो लाकडं फोडायच्या ठोकळ्यावर बसला आणि रडला. बराच वेळ रडला. मग नाक पुसलं, उठला आणि भिंतीला टेकवलेली एकचाकी गाडी ओढून बाहेर काढली.

मनात हिशेब सरळ होता. बाळाला आता बरं होतं. नोल्फाला आठ-पंधरा दिवस, फार तर महिनाभराचं लाकूड लागलं असतं. येसेनियाकडे जे उरलं असेल ते परत आणायचं, मागच्या रांगा भरायच्या, नर्सला उद्याच बोलवायचं. शेजारीण नाही म्हणणार नाही. आणि मुळात लाकूड आपलंच होतं. एवढं सगळं तो कुंपणापासून तिच्या दारापर्यंतच्या वीस पावलांत तीनदा स्वतःला सांगून गेला. गाडीचं चाक बर्फात कुरकुरत होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सोयच नव्हती. एकचाकी लपवणार कुठे?

दार उघडलं. येसेनियाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि तिचा चेहरा फुलला.

"काका! आज पण आणलंत?"

ओर्लिंदोने गाडी खाली टेकवली.

"अहो, आहे अजून. मावशी तिकडे इस्पितळात, तुम्हाला स्वतःचं कमी दुःख आहे का, त्यात आमची काळजी!" तिने गाडीत डोकावलं. "रिकामीच?"

"बघायला आलो होतो," तो म्हणाला. "पुरतंय का."

"आत या ना. या, या, दार लावू दे, थंडी शिरते."

आत उबदार होतं. चुलीतली ज्योत पिवळी, स्वच्छ, आवाज न करणारी. तिच्यापासून चार हातांवर पाळणा होता आणि पाळण्यात बाळ झोपलं होतं. तोंड मिटून. नाकाने श्वास घेत होतं. छातीवरचं दुपटं जरा वर, जरा खाली. ओर्लिंदो ते दुपटं पाहत उभा राहिला.

"खोकत नाही आता?" त्याने विचारलं.

"तीन आठवडे झाले, एकदा नाही. डॉक्टरीण म्हणाली, काय केलंत? मी म्हटलं, मी काही नाही केलं, शेजारच्या काकांनी केलं." ती हसली. "खरं सांगू? मावशी पहिल्या दिवशी म्हणाल्या, ओर्लिंदोने पाठवलंय, तुझं ओलं आमच्याकडे दे, आमच्या शेडमध्ये वाळेल, तोवर आमचं कोरडं जाळ. तेव्हा माझा विश्वासच बसेना. आमचे हे तर फोनवर म्हणाले, तो चिकट म्हातारा? शक्यच नाही! आता मात्र रोज तुमचं नाव घेतात."

"ने-आण कुणी केली?"

"मीच की. मावशींना कुठे झेपतं. पण तुमच्याकडे रचायचं मात्र मला करू दिलं नाही हं त्यांनी. स्टुलावर बसून स्वतः रचायच्या. एकेक ओंडका लावायचा, मग थांबायचं, श्वास घ्यायचा. म्हणायच्या, रचण्यात चूक झाली तर म्हातारा ओरडेल."

ओर्लिंदोने मान हलवली.

जिन्याखालची रास तिने दाखवली. त्याने नजरेनेच मोजली. एका घराला थंडी संपेपर्यंत. एकाच घराला.

"पुरेल ना काका, सप्टेंबरपर्यंत?"

परत दे म्हणायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पाळण्यात बाळाने झोपेतच जांभई दिली, कुशी बदलली.

"पुरेल," तो म्हणाला. "रात्री झडप अगदी बंद करू नकोस. थोडी उघडी ठेव. धूर होत नाही."

"मावशीही हेच सांगतात."

गाडी घेऊन तो परतला. रिकामी गाडी येताना जास्त वाजत होती.

इस्पितळात भेटायची वेळ चारची. नोल्फाची खाट खिडकीशी होती. नाकात नळी, उशा तीन, आणि त्या उशांवर ती पूर्वीपेक्षा लहान दिसत होती. खिडकीतून गाव दिसायला हवं होतं, पण दिसत होता फक्त धूर, करडा, सपाट, आणि त्यातून वर आलेलं चर्चचं टोक.

"आली होती ती पोरगी?" तिने विचारलं.

"आली होती."

"मग?"

"सगळं ठीक आहे म्हणाली. खाट, खिडकी, बटण. धुराडंही बघितलं वाकून."

"आणि लाकूड?"

"सतरा." तो टोपी गुडघ्यावर ठेवून तिची लोकर ओढत बसला.

नोल्फाने नाकातली नळी सारखी केली.

"आणि आतलं?"

ओर्लिंदोने वर पाहिलं. "त्रेचाळीस."

ती हसली. हसण्यातून खोकला निघाला, आणि तो थांबेपर्यंत ओर्लिंदोने तिची पाठ धरून ठेवली. हाताला सगळी हाडं लागत होती.

"रचलं छान होतंस," तो म्हणाला. "मला कळलं नाही. एकतीस वर्षं हाच धंदा करतोय, मला कळलं नाही."

"शिकले कुणाकडून?"

त्याने तिची चादर सारखी केली.

"रागावलास?"

"हो!" शेजारच्या खाटेवरची बाई वळून पाहायला लागली तसा त्याने आवाज खाली आणला. "हो, रागावलोय. तुझ्यासाठी होतं ते. मी काय दुसऱ्या कुणासाठी राखलं होतं? तू श्वास घ्यावास म्हणून होतं ते, नोल्फा."

"माझ्यासाठीच होतं ना?"

"तेच सांगतोय."

"मग माझं होतं. माझं मी दिलं."

चाळीस वर्षांत तिच्याशी बोलण्यात तो एकदाही जिंकला नव्हता. बाहेर अंधारून येत होतं आणि खाली एकेक दिवा धुरात पिवळा होत होता.

"येसेनियाला मी पाठवलंय म्हणून सांगितलंस," तो म्हणाला.

"पाठवलं असतंस तू. थोडा उशिरा. बाळाला थांबायला वेळ नव्हता." तिने दम घेतला. "कसं आहे ते?"

"झोपलं होतं. तोंड मिटून."

नोल्फाने डोळे मिटले. ओर्लिंदोला वाटलं, झोप लागली. पण ती म्हणाली, "परत मागायला गेला होतास."

"एकचाकी घेऊन गेलो होतो."

"मग?"

"रिकामी आणली."

तिने चादरीखालून हात काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. लगेच दचकून डोळे उघडले.

"किती गार आहेत रे हात! घरात काय जाळतोस?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"रोज संध्याकाळी चार ढलप्या पेटवायचो, चहापुरत्या. आजपासून त्याही नाही. ओलं मी जाळणार नाही, आणि पुढची रांग ठेवलीय." त्याने घसा साफ केला. "तीन आठवड्यांनी ती पोरगी परत येणार आहे. तोवर मी शोधतो कुठेतरी. पलीकडच्या खोऱ्यात एकाकडे असेल म्हणतात."

"असेल," नोल्फा म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ होता. पलीकडच्या खोऱ्यात कुणाकडे काही नाही हे तिलाही माहीत होतं. "लाकूडवाल्याच्या घरी चूल थंड. लोक हसतील, म्हाताऱ्या."

"हसू देत."

"पुढची रांग किती दिवसांची आहे?"

ओर्लिंदोने दुपारी मोजलीच होती. "अकरा. झडप सांभाळून जाळली तर बारा."

नळीतून हवा येण्याचा बारीक आवाज येत होता. नोल्फा खिडकीकडे पाहत होती, जणू धुराच्या त्या झाकणाखाली आपलं छप्पर नेमकं कुठे आहे ते तिला इथूनही दिसत होतं. मग तिने त्याचे दोन्ही हात ओढून चादरीखाली घेतले आणि पोटाशी धरले.

"त्या पोरीला बोलव," ती म्हणाली. "तिला सांग, मला घरी जायचंय. थप्पी फोडून पुढची रांग तेवढी तिच्यासमोर घरात आणून ठेव, बाकीचं शेडमध्येच ठेवून कुलूप लाव. मग तिला सही करता येईल."

"अगं, पण बारा दिवस म्हणजे..."

"पुरेल," नोल्फा म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावर नेहमीचाच भाव होता, बाजारात भाजी निवडून झाली की असायचा तो. हात ऊब धरायला लागले तसे त्याने ते हळूच सोडवून घेतले, टोपी डोक्यावर घातली, आणि रोमिना नर्सला शोधायला गेला.